पाण्याच्या पोटातला दगड

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात आमच्या सोसायटीत एप्रिल लागला की टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. मग पंधरा-वीस दिवसांत शेजारपाजारचे गीझर कुरकुरू लागतात आणि कुणी ना कुणी जळलेली कॉइल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे घेऊन येतं. पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांमधलं बॉयलरचं पाणी तपासण्यात माझी तीस वर्षं गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कॉइलवर पांढरा, खरखरीत थर असतो. "मॅडम, पाणी खराब आलंय का?" हा ठरलेला प्रश्न.

माझं माहेर कोकणातल्या संगमेश्वर तालुक्यातलं, तुरळ-राजवाडीच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांपासून जवळ. तुरळचं पाणी जमिनीतून साठ अंशांच्या आसपास बाहेर येतं. हात घातला तर चटका बसतो. पिढ्यानपिढ्या ते तसंच वाहतंय, तरी त्याच्या वाटेतल्या दगडांवर मला शेवाळ दिसलं, पिवळट-तपकिरी लेप दिसला. गीझरसारखा पांढरा थर कधी दिसला नाही. इथे मात्र पन्नास-साठ अंशांच्या गीझरमध्ये पंधरवड्यात कॉइल पांढरी. दोन्हीकडे गरम पाणीच, आणि दोन्हीकडे खाली काळा खडकच. मग फरक कशाचा? नोकरीच्या पहिल्या वर्षापासून हा प्रश्न माझ्याबरोबर आहे. त्याच्यामागे लागून जे हाती आलं, ते इथे मांडते.

१. पाण्यात किती विरघळलंय एवढंच विचारून भागत नाही. ते कुठे आणि किती वेगाने खाली बसतंय हे विचारावं लागतं.

नवीन मुलं प्रयोगशाळेत आली की मी त्यांना आधी एक हिशेब करायला लावायचे. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम धरा, म्हणजे हजार लिटरमागे ४०० ग्रॅम. तासाला दोन टन वाफ देणारा बॉयलर दिवसाचे सोळा तास चालला तर ३२ टन पाणी लागतं. वाफ शुद्धच निघून जाते, क्षार मागे राहतात. म्हणजे रोज १२ किलो ८०० ग्रॅम चुनखडीचा ऐवज बॉयलरच्या पोटात. दोन आठवड्यांत जवळजवळ १८० किलो. मुलं हा आकडा पाहून गप्प होत.

पण पुढचं महत्त्वाचं. हा सगळा माल ट्यूबांवर बसत नाही. काही गाळ होऊन तळाशी जातो आणि ब्लोडाऊनबरोबर, म्हणजे तळाचं पाणी सोडतात त्याबरोबर, बाहेर पडतो, काही पाण्यातच तरंगत राहतो, आणि जो काही ट्यूबेला चिकटतो तोच घात करतो. तो किती वेगाने चिकटेल, हे पाणी विरघळण्याच्या मर्यादेच्या किती पलीकडे गेलंय, तापमान किती, पृष्ठभाग किती आणि कसा, सामू (पीएच) किती, आणि पाण्यात आणखी कोण कोण आहे, यांवर ठरतं. पाणी तेच असलं तरी यातली एक गोष्ट बदलली की थराचा वेग बदलतो.

२. गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळतं, हा स्वयंपाकघरातला समज बॉयलरच्या दाराबाहेर ठेवावा.

साखर, मीठ यांच्या सवयीने आपण तसं धरून चालतो. चुनखडीचं उलट आहे. पाणी तापलं की तिची विद्राव्यता घटते. शिवाय बायकार्बोनेट तुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा सामू चढतो आणि कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज, बाहेर पडतं. म्हणून चुनखडीचा थर नेमका सगळ्यात तापलेल्या जागी धरतो: गीझरची कॉइल, बॉयलरमध्ये ज्वाळेच्या बाजूच्या ट्यूबा.

जमिनीखालच्या उष्ण पाण्याचंही तेच. भूऔष्णिक विहिरीतून पाणी वर येताना दाब कमी होतो, एका विशिष्ट खोलीवर ते उकळू लागतं, वायू निसटतो आणि नेमक्या त्या पट्ट्यात नळी आतून बुजत जाते. तुर्कस्तानातल्या किझिलदेरे इथे १९८४ साली भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झालं. तिथल्या विहिरी कॅल्साइटने धरायच्या आणि वारंवार खरवडून काढाव्या लागायच्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चाकणमधला एक फीड पाइप आठवला. तोही सगळीकडे स्वच्छ होता, आणि एका वीतभर तुकड्यात पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. पाइपच्या त्या वीतभर जागेतच पाणी एकदम तापत होतं.

त्याच पाण्यात विरघळलेल्या सिलिकाचं वागणं बरोबर याच्या उलट. ती गरम पाण्यात जास्त विरघळते आणि पाणी निवलं की बाहेर येते. म्हणजे एकाच पाण्यात दोन बिऱ्हाडं राहतात. एक तापल्यावर घर सोडतं, दुसरं निवल्यावर. दोघांना एकच औषध लागू पडत नाही.

३. सॉफ्टनरच्या पुढे जे सहज निघून जातं, त्याच्यावर डोळा ठेवा.

ही माझी स्वतःची चूक आहे आणि ती मी पूर्ण सांगणार आहे. चाकणच्या एका कारखान्यात, एका टंचाईच्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं. एरवी येणारं पाणी मऊ असायचं, पावसाचं, धरणात साठलेलं. टँकरचं पाणी बोअरचं होतं. मी सॉफ्टनर नीट बघितला, रेझिन वेळेवर मिठाने धुवून घेतलं, कठीणपणा रोज दोनदा तपासला. आकडा पाचच्या वर कधी गेला नाही. मी निश्चिंत.

त्याच सुमारास बॉयलरमध्ये फेस व्हायला लागला, वाफेबरोबर पाणी ओढलं जाऊ लागलं. म्हणून मीच कॉस्टिक सोड्याचा डोस कमी करायला सांगितलं. फेस थांबला. दीड महिन्याने चिमणीचं तापमान चढलं आणि तेवढीच वाफ काढायला इंधन जास्त लागू लागलं. तिथले ऑपरेटर वयाने मोठे होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, "मॅडम, आत काहीतरी धरलंय. आवाज बदललाय." मी कठीणपणाचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. ते म्हणाले, "कागद बरोबर असतील, पण आवाज बरोबर नाही."

सुट्टीच्या दिवशी मॅनहोल उघडलं. ट्यूबांवर थर पातळ होता, पण राखाडी आणि काचेसारखा गुळगुळीत. मी एक खपली काढून तिच्यावर आम्लाचा थेंब टाकला. चुनखडी असती तर फसफसली असती. काहीच झालं नाही. तो थेंब तसाच त्या खपलीवर बसून राहिला, आणि मला त्या क्षणी सगळं कळलं.

सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेतो, बदल्यात सोडियम देतो. सिलिकाला तो हातही लावत नाही. आणि आपल्या बेसॉल्टमधलं बोअरचं पाणी सिलिका भरपूर घेऊन येतं. लिटरला ४५ मिलिग्रॅम सिलिका असलेलं पाणी बॉयलरमध्ये दहापट आटलं की ४५० होते. अल्कधर्मी पाण्यात ती विरघळून राहू शकते, म्हणूनच आमच्या कामात दंडक आहे की सिलिका कॉस्टिक अल्कलिनिटीच्या ०.४ पटीपेक्षा कमी असावी. मी डोस उतरवला तेव्हा तिच्या पायाखालची फळीच काढून घेतली होती. इथे ती निवल्याने नव्हे, पाणी आटल्याने बाहेर पडली, आणि तिला बसायला गरम ट्यूबेखेरीज जागा उरली नाही.

सिलिकेटचा थर उष्णता इतकी कमी वाहून नेतो की पोलादाच्या मानाने तो शंभरावा हिस्साही भरत नाही. त्यामुळे पातळ थरही पुरतो. ट्यूब आतून थंड होत नाही, धातू तापत जातो, मऊ पडतो, फुगतो. आमच्या नशिबाने ट्यूब फुटली नाही. पण त्या बॉयलरसमोर मामा आणि त्यांचे दोन मदतनीस रोज आठ तास उभे राहत होते. साडेदहा किलो दाबावर आतलं पाणी १८५ अंशांवर असतं. हा विचार आजही माझी झोप उडवतो. साध्या आम्लाने तो थर निघत नाही. फ्लोराइडवाली रसायनं लागतात आणि ती माणसालाही भाजतात. आम्ही यंत्राने, ब्रशने, चार दिवस घासून काढला. तेव्हापासून मी सिलिका मोजल्याशिवाय टँकर आत घेऊ दिला नाही, आणि ऑपरेटरच्या कानाला माझ्या कागदाइतकंच वजन दिलं.

४. बाटलीत भरून आणलेलं पाणी म्हणजे झऱ्यातलं पाणी नव्हे.

आमच्या घराजवळच वल्लभनगरचं एसटी स्थानक. कोकणात जाणं-येणं तिथूनच. एका मे महिन्यात मी तुरळहून थर्मासात आणि दोन बाटल्यांत झऱ्याचं पाणी भरून आणलं. रात्रभर प्रवास, सकाळी प्रयोगशाळेत. पण वाटेत ते निवलं होतं, त्यातला वायू निसटला होता, सामू बदलला होता. मी मोजलं ते एका वेगळ्याच पाण्याचं मोजमाप होतं. कॅल्शियमसाठीचा नमुना झऱ्यावरच आम्ल घालून बंद करावा लागतो, सिलिका जास्त असेल तर तिथेच शुद्ध पाण्याने पातळ करावी लागते, तापमान आणि सामू तिथेच उभं राहून घ्यावे लागतात. पुढच्या खेपेला मी सगळं सामान पिशवीत घालून गेले. भावजय म्हणाली, "वन्सं, माहेरी आलात की कामावर?" पण माझ्याबरोबर कंदील धरून पहाटे झऱ्यावर तीच आली.

आणि इथे मला त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर सापडायला लागलं. कोकणातल्या या झऱ्यांखाली जागता ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तापतं आणि पुन्हा भेगांनीच वर येतं. ते मुख्यतः सोडियम-कॅल्शियम क्लोराइडचं पाणी आहे. कॅल्शियम आहे, पण बायकार्बोनेट कमी. चुनखडी व्हायला दोघं लागतात. एकटं कॅल्शियम काय करणार? सोसायटीच्या बोअरमध्ये दोघं भरपूर आहेत. माझी कॉइल पांढरी होते ती त्यामुळे.

सिलिकाची गोष्ट याहून सुंदर आहे. खाली खोलवर पाणी खडकातल्या क्वार्ट्झशी, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाशी, जुळवून घेतं. जेवढं तापमान, तेवढी सिलिका. वर येताना ते निवतं. पंचवीस अंशांना क्वार्ट्झ लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतं, म्हणजे खरं तर बाकीची सिलिका बाहेर पडायला हवी. पण कमी तापमानाला क्वार्ट्झ इतक्या संथपणे बनतं की वर यायला लागणाऱ्या काळात ते बनतच नाही. सिलिका झटपट बसू शकते ती अस्फटिक रूपात, आणि त्या रूपाची मर्यादा पंचवीस अंशांना लिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम आहे. त्याहून कमी सिलिका असेल तर पाणी ती तशीच घेऊन बाहेर येतं. झऱ्याच्या तोंडाशी आपण सिलिका मोजतो तेव्हा खालच्या खडकाचं तापमानच मोजत असतो. लिटरला ८० मिलिग्रॅम मिळाली तर नेहमीच्या सूत्राने खालचं तापमान १२५ अंशांच्या आसपास येतं. कोकणातल्या झऱ्यांसाठी अभ्यासकांनी काढलेले अंदाज साधारण शंभर ते दीडशे अंशांच्या पट्ट्यातच आहेत.

ज्या संथपणाची मी कामावर कधी दखलच घेतली नव्हती, तो इथे माणसाच्या उपयोगी पडत होता. हे कळलं त्या दिवशी मला खूप आनंद झाला होता.

५. सगळ्यात जास्त तापलेल्या किंवा सगळ्यात निवलेल्या टोकाला नव्हे, मधल्या पट्ट्यात लक्ष ठेवा.

हे सिलिकापुरतं. पाणी संपृक्त होण्याच्या तापमानाखाली जरासंच निवलं तर बाहेर पडायचा जोर कमी असतो. फारच निवलं तर जोर खूप, पण हालचाल मंदावते. रिमस्टिड आणि बार्न्स या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८० साली दाखवलं की संपृक्त होण्याच्या तापमानाखाली साधारण २५ ते ५० अंशांवर बसण्याचा वेग सर्वाधिक असतो. ब्लोडाऊनच्या पाइपांची पाहणी करताना मी हा पट्टा डोक्यात ठेवून वळणं शोधायचे.

आइसलँडमध्ये या निवणाऱ्या सिलिकाने एक तळंच घडवलं. स्वार्तसेंगी इथे १९७६ साली भूऔष्णिक केंद्र सुरू झालं. त्याचं सांडपाणी शेजारच्या लाव्ह्याच्या सच्छिद्र खडकावर सोडलं, ते मुरून जाईल या हिशेबाने. पण निवताना बाहेर पडलेल्या सिलिकाने खडकाची छिद्रं बुजवली, पाणी साठत गेलं आणि आज जगभरचे प्रवासी ज्या ब्लू लगूनमध्ये उतरतात ते तयार झालं. न्यूझीलंडच्या वायराकेई केंद्रात, जे १९५८ साली सुरू झालं, सांडपाण्याचे नाले सिलिकाने भरायचे आणि ते खरवडावे लागायचे.

६. विरजण मागे ठेवू नका.

डीस्केलिंग करताना कंत्राटदार दहा ट्यूबांतल्या नऊ लख्ख करतात आणि मागच्या कोपऱ्यातली एक तशीच सोडतात. दुधात चमचाभर विरजण पुरतं, तसं तिथलं जुनं कवच पुरतं. नवा स्फटिक कोऱ्या पोलादावर जन्माला यायला वेळ लावतो. जुन्या स्फटिकावर तो लगेच वाढू लागतो. खरबरीत वेल्डिंग, गंजाचा डाग, ओरखडा, या सगळ्या त्याच्या जागा. बॅटरी हातात घेऊन स्वतः आत डोकावल्याशिवाय मी सही केली नाही.

७. दोन चांगली पाणी एकत्र केल्यावर तिसरं काय होईल हे आधी करून बघा.

आइसलँडमध्ये घरं तापवायला सिलिका असलेलं अल्कधर्मी ऊन पाणी वापरतात. त्यात साधं, गोडं, मॅग्नेशियम असलेलं पाणी तापवून मिसळलं तेव्हा मॅग्नेशियम सिलिकेट धरायला लागलं. वेगवेगळी ठेवली असती तर दोन्ही पाणी निरुपद्रवी होती. आपल्याकडे फीड टँकमध्ये नळाचं, बोअरचं आणि परत आलेलं कंडेन्सेट असं सगळं एकत्र होतं आणि कुणी विचारत नाही. एक काचेचं भांडं, ठरलेल्या प्रमाणात मिश्रण, तासभर उकळणं, आणि दुसऱ्या दिवशी तळ बघणं. एवढीच चाचणी आहे.

८. थोडंसं औषध योग्य जागी, योग्य वेळी.

आई पाकातले लाडू करायची तेव्हा पाकात लिंबाचे दोन थेंब टाकायची, नाहीतर पाक साखरतो. किलोभर साखरेला दोन थेंब. मी नोकरीला लागल्यावर फॉस्फोनेट या थर रोखणाऱ्या रसायनाचं प्रमाण पाहिलं, लिटरला काही मिलिग्रॅम, आणि मला तो पाक आठवला. रसायनशास्त्र दोन्हींचं वेगळं आहे, पण दोन्हीकडे वाढणाऱ्या स्फटिकाला अडथळा येतो. फॉस्फोनेट कॅल्शियमला संपवत नाही. वाढणाऱ्या स्फटिकाच्या पायऱ्यांवर जाऊन बसतं आणि पुढची वीट रचू देत नाही. म्हणून ते थर धरण्याच्या आधी पोचायला हवं. भूऔष्णिक विहिरीत तर बारीक नळी सोडून पाणी जिथे उकळायला लागतं त्याच्या खाली औषध देतात. आमच्याकडे अनेकदा डोसिंगचा पंप बंद असतो आणि ड्रम भरलेला असतो. ड्रम रिकामा होतोय का, हे मी रोज बघायचे.

९. सावकाश बसलेलं निराळं दिसतं.

वाघोलीच्या खाणीत मी पहिल्यांदा कॅव्हनसाइट पाहिलं. निळं, मोरपिशी, पांढऱ्या स्टिल्बाइटवर फुलासारखं बसलेलं. जगात या खनिजाचे इतके देखणे नमुने वाघोलीसारखे दुसरीकडे नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला; त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे ऊन पाणी झिरपत राहिलं आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, ॲपोफिलाइट वाढत गेले. पाणी मर्यादेच्या जेमतेम पलीकडे असलं की नवे स्फटिक थोडेच जन्मतात आणि जे जन्मले ते वाढत राहतात. खडीसाखर होते ती अशी. बॉयलरमध्ये सगळं घाईत, म्हणून तिथे पिठीसारखे असंख्य बारीक कण दाटीने चिकटतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मी आमच्या तंत्रज्ञांना मुद्दाम घेऊन गेले होते. मामा एका स्कोलेसाइटच्या पिसाऱ्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हाही क्षारच का, मॅडम?" सुरुवातीच्या सॉफ्टनरमध्ये रेझिनऐवजी याच कुळातली झिओलाइटं असायची, हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

आता तर बेसॉल्टमध्ये दगड घडवण्याची घाई मुद्दाम करतात. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. तो शेकडो वर्षांनी खनिज होईल असं वाटत होतं. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायू कार्बोनेट होऊन बसला. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपलं अख्खं घर ज्या काळ्या खडकावर उभं आहे त्याच जातीचा तो खडक. दख्खनच्या खडकावर हे काम आपल्या इथल्या मुलांनी हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

१०. स्वतः टांगून बघा.

कारखान्यात आम्ही पोलादाच्या छोट्या वजन केलेल्या पट्ट्या पाण्यात टांगायचो. त्यांना कुपन म्हणतात. ठरल्या दिवशी काढायच्या, वाळवायच्या, पुन्हा वजन करायचं. निवृत्त झाल्यावर मी तशा चार पट्ट्या केल्या. गेल्या गणपतीत गावातल्या जाणत्यांना विचारून दोन पट्ट्या राजवाडीच्या कुंडातून बाहेर पडणाऱ्या ओहोळात बांधल्या. कुंडात नाही, तिथे लोक श्रद्धेने आंघोळ करतात. तिसरी आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत आहे. चौथी कोरी, डब्यात, तुलनेसाठी. शिमग्याला भावाने ओहोळातली एक पट्टी वर उचलून फोटो पाठवला होता. तपकिरी लेप आहे, पांढरं काही दिसत नाही. मी त्याला ती पुसू नकोस, तशीच परत सोड म्हटलंय. टाकीतल्या पट्टीवर मात्र नखाला लागेल एवढी खर आली आहे. गणपतीसाठी वल्लभनगरहून सुटणाऱ्या गाडीचं आरक्षण केलंय, आणि या वेळी वजनाचा काटा बरोबर नेणार आहे.